अल्पमोली, बहुगुणी

मुक्काम मालेगाव, जिल्हा वाशिम

स्वस्त व हलक्या लॅपटॉपांच्या थोर निर्मात्यांस,

सा. न. वि. वि.

आपला लॅपटॉप आमच्या घरी आल्यापासून आमच्या ठायी तितिक्षा, वैराग्य व परावलंबनाची जाणीव या त्रिविध गुणांचा जो उत्कर्ष झाला, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हा पत्रप्रपंच.

३२ जीबीच्या साठवणीत विंडोजने स्वतःच पथारी पसरून, वर अपडेटला जागा नाही अशी तक्रार आमच्याचकडे गुदरावी, तेव्हा १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने आरंभिलेल्या व आज कोणासही विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सचा आश्रय घेण्याचे आम्ही ठरविले. परंतु प्रोसेसर ६४ बिटी असता त्यास जागे करणारे फर्मवेअर आपण ३२ बिटी नेमलेत, त्यामुळे लिनक्सच्या निरनिराळ्या ६४ बिटी अवतारांचे, म्हणजे डिस्ट्रोंचे, पेनड्राइव्ह एकामागून एक उंबऱ्यावरूनच परतले. त्यांपैकीच एक जी डेबियन, तिच्या कर्त्यांनी २०१५ च्या आठव्या आवृत्तीतच अशा विजोड यंत्रांची तजवीज करून ठेवली होती, म्हणून निभावले. फुकट राबणाऱ्यांना जे सुचले ते पगारी मंडळींना का सुचू नये, हा प्रश्न विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही.

पुढे वायफायचे प्रकरण. त्याच्या चिपची फाइल इंटरनेटवरून उतरवून घ्यावी, असा पडद्यावर हुकूम; आणि इंटरनेट यायचे ते त्याच वायफायने! अखेर मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडून, टेदरिंगवर नेट घेऊन ते कार्य सिद्धीस नेले. तोच, सोयाबीनचे बाजारभाव वाचता वाचता यंत्र जागच्या जागी गोठू लागले. माउसचा बाण हलेना, घड्याळ पुढे सरकेना. प्रोसेसरला गाढ निद्रेची मनाई करणारी एक ओळ कर्नेलच्या बूट पर्यायांत घातली, तेव्हा गोठणे थांबले. मात्र अहोरात्र जागरणाने बॅटरी दुपारीच मान टाकू लागली. रॅम वाढवावी, तर ती आपण मदरबोर्डावर कायमची डाखून टाकलेली. खोक्यावर मात्र 'हलका' हा शब्द सोनेरी अक्षरांत!

लिनक्सला दोष देणारे बरेच भेटतात. चिपची माहितीच दप्तरात दडवून ठेवणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. तरी अर्ज एवढाच, की फर्मवेअर किती बिटी, वायफायची चिप कोणती आणि रॅम बदलता येते की नाही, हा तीन ओळींचा मजकूर खोक्यावर स्वच्छ मराठीत छापण्याची मेहेरबानी व्हावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिऱ्हाईक