लॅमिनेट केलेली लवचीकता

मुलाला घरी शिकवणाऱ्या आईला सगळ्यात जास्त गरज असते ती श्रोत्याची. मूल काय, घरात असतंच. श्रोता शोधावा लागतो. लग्नात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी. कुणी रेवाकडे बघून ‘कितवीत आहेस गं?’ एवढं विचारायचा अवकाश, तिच्याआधी मी उत्तर देते. आधी जराशी थांबते, मंद हसते आणि मग म्हणते, ‘नाही हो, आम्ही तिला शाळेत घालत नाही.’ त्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं, ते पाहायला मिळावं म्हणूनच मी हा सगळा खटाटोप मांडलाय, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याची सगळी मतं छापण्याजोगी नसतात. हे एक सुटलं.

समोरची व्यक्ती निवृत्त असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला. ‘कायद्यात बसतं का हे?’ या प्रश्नाची तर मी वाटच पाहत असते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, वयोगट ६ ते १४. त्याचं कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण पालकानं ते केलं नाही तर त्याचं काय करायचं, हे सांगत नाही. कायद्याच्या नावात जी सक्ती आहे ती मुळात सरकारवर आहे. घरी शिकवण्याविषयी तो चकार शब्द काढत नाही. आणि कायदा गप्प बसला की बोलायला मी आहेच.

‘मग दहावीचं काय?’ त्याचंही उत्तर तयार. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. हे नाव एका दमात घेता आलं की निम्मी परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं. १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय पाच, त्यातली एक तरी भाषा, माध्यम मराठीही चालतं. वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पाचही विषय एकदम द्यायला हवेत असं नाही. एकेक करून सोडवता येतात. गणित सक्तीचं नाही, हे मी सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात सांगते. कारण इथे बहुतेक लोक रेवाच्या भवितव्याची काळजी सोडून स्वतःच्या भूतकाळाबद्दल हळहळायला लागतात.

पद्धतींचं म्हणाल तर मी एकीवर थांबणारी बाई नाही. जॉन होल्ट वाचला तेव्हा ठरवलं, मुलांना शिकवायचंच नाही, ती शिकतात. पंधरवडाभर रेवानं गच्चीवर पाण्याची टाकी भरताना पाहिली आणि मी तिला शिकवण्यापासून स्वतःला रोखण्यात इतकी दमले की संध्याकाळी स्वयंपाक होईना. मग शार्लट मेसन वाचली. ही इंग्लंडातली बाई म्हणते, लहान मुलांचे धडे छोटे ठेवा, पंधरा-वीस मिनिटांचे. निसर्गाची वही ठेवा. वाचलेलं मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. हे मला फार पटलं, कारण यात वही होती. मला वह्या आवडतात. माझ्या शिक्षणविचाराचा पाया काय असं कुणी खोदून विचारलंच, तर प्रामाणिक उत्तर ‘स्टेशनरी’ असं आहे.

तर होल्टचं स्वातंत्र्य आणि मेसनबाईंचे छोटे धडे यांचा मेळ घालून मी एक लवचीक वेळापत्रक केलं. ८.०० ते ८.२० मुक्त कुतूहल. ८.२० ते ८.४० निसर्गवही. ८.४० ते ९.०० उत्स्फूर्तता. प्रत्येक चौकटीला वेगळा रंग. कागद इतका देखणा झाला की तो चुरगळेल या कल्पनेनंच मला कसंसं झालं, म्हणून लॅमिनेशनचं यंत्र मागवलं.

‘हे लॅमिनेट का केलंस?’ नवऱ्यानं विचारलं.

‘टिकावं म्हणून.’

‘आणि बदलायचं झालं तर?’

मी उत्तर दिलं नाही. ८.४० व्हायचे होते.

यंत्र घरात आल्यावर ते रिकामं कसं ठेवायचं? नकाशे, बाराखडी, आवर्तसारणी, दुधाचा हिशेब, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं चकचकीत झालं. सासूबाई म्हणाल्या, ‘मला मात्र मोकळीच ठेव हो.’ एकदा पिंपळाचं ताजं पान घातलं. ओल्या पानाला तापलेले रोलर लागले की पान शिजतं आणि प्लास्टिकमध्ये वाफ अडकते. रेवानं निसर्गवहीत लिहिलं, ‘आज आईनं पान उकडलं.’ त्या वर्षातला तिचा हा सर्वोत्तम निबंध होय.

आता वॉलट्यूबकडे वळायला हवं. या विषयाची आणि या लेखाची लांबी यांचं प्रमाण बसत नाही हे मला माहीत आहे, तरी वळायला हवं.

अरविंद गुप्तांचं नाव घरशाळेच्या प्रत्येक घरात निघतंच. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी. १९७८ मध्ये रजा काढून हा माणूस मध्य प्रदेशात होशंगाबादकडे गेला. तिथे खेड्यातल्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायचं काम चाललं होतं. आठवड्याच्या बाजारातून त्यांनी काय आणलं? काडेपेट्या आणि सायकलची वॉलट्यूब. वॉलट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि गुल तासलेल्या काड्या त्यांत दोन्हीकडून खोचायच्या, की झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन करून बोटानं ढकला, तो कलंडतो. पाच काड्यांचं घर कोसळतं. त्रिकोण मात्र काही केल्या हलत नाही. पत्र्याच्या छपराखाली आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच त्रिकोण का असतात, ते मुलाला सांगावं लागत नाही. पुढे ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, २०१८ साली पद्मश्री झाले, आणि त्यांनी जमवलेली शेकडो पुस्तकं आजही फुकट उतरवून घेता येतात. म्हणजे खर्च काय, तर वॉलट्यूब.

आणि ती पुण्यात मिळेना.

सायकलींचं शहर म्हणून ज्याची कीर्ती, त्या शहरात! मोठ्या काचेच्या दुकानांत सायकली होत्या, त्यांच्या किमती जुन्या स्कूटरएवढ्या होत्या, विकणारी मुलं हेल्मेटबद्दल सुंदर इंग्रजी बोलत होती. वॉलट्यूब म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी रेवाच्या शाळेबद्दल विचारणाऱ्यांकडे पाहते. एकानं तर ‘ते औषधाच्या दुकानात मिळेल’ असं सुचवलं. शेवटी पेठेतल्या एका बोळात जुनं दुकान सापडलं. बाहेर घमेल्यात पाणी, आत काळोख, काळोखात मालक. त्यांनी सावकाश विचारलं, ‘किती मीटर?’ मला भरून आलं.

मिळत का नाही, तर नव्या सायकलींना मोटारसायकलसारखा स्प्रिंगचा वॉल असतो. जुन्या वॉलची गंमत वेगळी. धातूच्या नळीला बाजूनं एक बारीक भोक, त्यावर ही रबराची नळी घट्ट चढवलेली. पंपानं हवा मारली की ती भोकातून येऊन रबर किंचित उचलते आणि आत शिरते. पंप थांबला की आतली हवा बाहेर निघू बघते आणि त्या धडपडीत तीच रबर भोकावर दाबून धरते. बाहेर पडायचा जोर हेच दाराचं कुलूप. हे मालकांनी रेवाला वॉल खोलून दाखवलं. त्याला वीस मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला. मेसनबाईंची क्षमा मागून सांगते, रेवा जागची हलली नाही. माझ्या पिशवीत झडपांचं रंगीत चित्र होतं, लॅमिनेट केलेलं. ते मी बाहेर काढलं नाही.

त्यानंतर रेवा दुकानाला चिकटलीच. ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा घासायची, सोल्युशन लावून सुकू द्यायचं, मग ठिगळ. सुकू द्यायला लोक घाई करतात म्हणून पंक्चर टिकत नाही, असं ती आता जेवताना सांगते. गेल्या गणपतीत एका काकांनी तिला नेहमीप्रमाणे सतराचा पाढा विचारला, तर ती म्हणाली, ‘तुम्ही म्हणा ना, मी ऐकते.’ काका सतरा साते पाशी थांबले आणि त्यांना अचानक चहा आठवला. घरी शिकणाऱ्या मुलाला प्रत्येक पाहुणा परीक्षक होऊन भेटतो, याचा मला खरोखर संताप येतो. शाळेत जाणाऱ्या पोराला कुणी मोदकाच्या ताटावर बसवून सहामाही घेत नाही. रेवा हसून टाळते, पण नंतर रात्री विचारते, ‘मला येतं का गं सगळं?’ तेव्हा माझ्याजवळचे होल्ट, मेसन, कुणी कामाला येत नाहीत.

दुकानात मालकांचा पुतण्या काम करतो. सोळाचा असेल, नववीतून शाळा सुटली, गावाकडून आला. एक दिवस परतताना रेवानं विचारलं, ‘आई, तोपण होमस्कूल आहे का?’

मी नेहमीसारखी थांबले, पण मंद हसता आलं नाही. माझी मुलगी शाळेत जात नाही, तर तिच्यावर लिफ्टमध्ये चर्चा होते, मला बायकांच्या मंडळात बोलायला बोलावतात. तो जात नाही, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शिकण्याचं साहित्य दोघांचं एकच आहे. इतकंच नव्हे, माझ्या मुलीला ते त्याच्याच हातून मिळतंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा गुरांमागे. शंखशिंपले, बिया, पानं हेच साहित्य. हे मी भाषणात दरवेळी सांगते, टाळ्याही येतात. लवचीकता खरी ती. माझी लवचीकता म्हणजे दहाच्या ऐवजी अकराला नाश्ता.

मग मी दुकानात उभ्या उभ्या मुक्त विद्यालयाचं सगळं पुराण लावलं. पुतण्या मान खाली घालून रिम फिरवत होता. ‘गणित सक्तीचं नाही’ म्हटल्यावर चाक थांबलं. मालक मात्र म्हणाले, ‘ताई, दहावी झाला की हा दुकानात थांबंल का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मालकांनाही कळलं. बराच वेळ त्यांनी पाना पुसला. मग म्हणाले, ‘सातनंतर. गिऱ्हाईक नसंल तेव्हा.’

त्यानं पहिल्या खेपेला दोनच विषय देण्याचं ठरवलंय. मराठी मी घेते. माझा तास फार लांबतो अशी त्याची तक्रार आहे, आणि तिला रेवाचा पाठिंबा आहे. विज्ञानाला कुणीतरी हवं आहे. पेठांच्या जवळपास राहणाऱ्या कुणाला आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी जमत असेल, तर जरूर कळवा. सायकल नसली तरी चालेल. लॅमिनेट केलेलं काही आणू नका.