कल्ले बघणारा माणूस

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत 'साहेब' म्हटलं की एकच माणूस. सरकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. रविवारी बाजारात कोळणीसमोर उकिडवे बसून ते पापलेटचे कल्ले उघडतात. कल्ले लाल निघाले तर डोळे बघतात, डोळे चकचकीत असले तर पोटावर अंगठा दाबतात, आणि एवढं करून "बर्फातलं तर नाही ना?" असं विचारतात. कोळीण त्यांना बघताच सुरीची पाठ पाटावर आपटते. आंबा ते देठाशी हुंगतात. प्लंबरला नळ दहा मिनिटं चालू ठेवल्याशिवाय पैसे देत नाहीत. बँकेत तर विचारू नका. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन करणाऱ्याचा अहवाल आणि मंजूर नकाशा असं सगळं टेबलावर आल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नाही. एका कर्जदाराची फाइल त्यांनी सहीतला वेलांटीचा फरक दाखवून परत पाठवल्याचं सांगतात. सांगतात म्हणजे तेच सांगतात, दर गणपतीत.

असा माणूस दहिसरपासून अंधेरीपर्यंत प्रत्येक विंगमध्ये एक तरी असतो. पन्नाशी गाठलेली, घराचे हप्ते फिटलेले, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेला, आणि गुडघे नुकतेच बोलायला लागलेले. या वयात काही जण ट्रेकिंगचे बूट घेतात, काही जण बासरीचा क्लास लावतात. उरलेले जुनी स्पोर्ट्स कार बघायला जातात.

साहेबांना ती मनोरीत दिसली. ऑफिसची सहल होती. एका बंगल्याच्या आवारात निळी ताडपत्री वाऱ्याने उडाली आणि खाली लाल सॅन स्टॉर्म निघाली. तरुण वाचकांसाठी सांगतो, ही गाडी आपल्या शेजारी गोव्यात बनायची. १९९८ साली बाजारात आली. दोन दारं, दोन सीट, वर कापडी टप, अंग फायबरग्लासचं आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद ६० अश्वशक्ती. आजची साधी स्विफ्टसुद्धा ८०च्या घरात आहे. हे मी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "पण स्विफ्टचा टप उघडतो का?" या प्रश्नाला उत्तर नाही.

बंगला सांभाळणाऱ्या अंकलनी साहेबांना आत बसू दिलं. बसले ते सहज. बाहेर काढायला हिशेब विभागातली दोन माणसं लागली. त्या दोघांचं म्हणणं असं की साहेब तेव्हा हसत होते.

त्या दिवसापासून सोसायटीत एकच चर्चा. लिफ्टमध्ये, दूधवाल्यासमोर, स्मशानातून परत येतानासुद्धा साहेब हळूच खांद्याला खांदा लावून विचारत, "तुला काय वाटतं, इन्स्पेक्शन करून घ्यावं का?" ज्याने "काही गरज नाही" म्हटलं त्याला वर चहाला नेत. ज्याने "घ्याच" म्हटलं त्याला "बघू" म्हणत आणि लिफ्टचा दरवाजा स्वतःच लावत. आठवड्याभरात लोकांना गणित कळलं. चहा पिणाऱ्यांची संख्या वाढली.

वास्तविक सल्ले चांगले मिळत होते. तळमजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. ते म्हणाले, "सकाळी जा, न कळवता. आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ परत या. तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली असेल तर थंड इंजिनाचं रडगाणं तुम्हाला ऐकू येणार नाही. मग धूर बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल आणि थांबत नसेल तर हेड गास्केट. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय." पुढे म्हणाले, "आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा." हे साहेबांना समजेना. ड्रायव्हरकाकांनी समजावलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या याला सुमार नव्हता. त्या वाळवून, शाम्पू करून, अत्तर मारून विकल्या गेल्या. गालिचे बदलले, सीटकव्हरं बदलली, पण सीटबेल्टची आत गुंडाळलेली पट्टी कोण बाहेर काढून धुतो? चिखलाची रेघ तिथे राहते. दुसरी राहते स्टेपनीच्या खड्ड्यात.

साहेबांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की करायची गरज राहत नाही, हा बँकेतला जुना अनुभव.

भाच्याने स्कॅनर आणतो म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, "या गाडीला कॉम्प्युटर कशाला? ही मनाची गाडी आहे." कोणीतरी सचिनच्या फेरारीचा विषय काढला. २००२ साली फियाटने भेट दिलेली, शूमाकरच्या हस्ते मिळालेली, आयात शुल्काच्या माफीवरून कोर्टापर्यंत गेलेली ती ३६० मोडेना सचिनने २०११मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. "सुरतवाल्याने काय मेकॅनिक नेला असेल?" साहेबांनी विचारलं. त्या गाडीच्या आधीच्या मालकाचं नाव सचिन तेंडुलकर होतं आणि या गाडीचा मालक फोनवर "अंकलशी बोला" एवढंच म्हणतो, हा फरक त्यांना किरकोळ वाटला.

मग एके संध्याकाळी कायदा आला. साहेब माल विक्री कायदा, १९३० ची प्रत घेऊन वर आले. कलम १६. त्यात त्यांनी एक परंतुक शोधलं होतं: खरेदीदाराने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. "म्हणजे बघ," साहेब बोट नाचवत म्हणाले, "तपासलं की हक्क गेला! न तपासण्यातच शहाणपण आहे." मी तो कागद दोनदा वाचला. ते परंतुक त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याबद्दल आहे. बंगलेवाला स्पोर्ट्स कारचा धंदा करत नव्हता. त्याच्याकडून घेतलेल्या मालाच्या दर्जाची हमी कायदा मुळातच धरत नाही, तपासा नाहीतर न तपासा. हे मी बोललो. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

शिवाय तपासणी टळणार नव्हतीच. गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेली. नोंदणी नव्याने करायची तर आरटीओसमोर उभी करून फिटनेस घ्यावं लागतं, आणि पुढेही दर पाच वर्षांनी. सरकारी इन्स्पेक्टर ती बघणारच होता. साहेबांना फक्त पैसे देण्याआधी कोणी बघायला नको होतं.

पहिली तपासणी अखेर घरगुतीच झाली. साहेबांचा मेहुणा लोहचुंबक घेऊन निघाला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की ठोकलेल्या गाडीवर पुट्टी भरतात आणि पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. मनोरीला पोचल्यावर त्याने चुंबक दारावर लावलं. पडलं. बोनेटवर लावलं. पडलं. मडगार्ड, डिकी, पुन्हा दार. सगळीकडे टप् टप्. मेहुणा पांढराफटक. "भावोजी, ही गाडी नाही, हा पुट्टीचा गोळा आहे!" साहेब दोन मिनिटं जमिनीवरच बसले. शेवटी अंकलनी आतून पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "फायबर आहे, बाबा. लोखंड नाही त्यात." फायबरवर चुंबक चिकटत नाही, आणि रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगणारं ते आधुनिक यंत्रही पत्र्यासाठीच असतं. या गाडीने दोघांनाही हरवलं. साहेबांची छाती लगेच फुगली. "फायबर! म्हणजे समुद्राकाठी राहूनही गंज नाही!"

अंगाला गंज नाही हे खरं होतं. पण फायबरच्या आत चाकं, इंजिन आणि माणसं ज्यावर उभी राहतात तो सांगाडा पोलादी असतो, आणि मनोरीच्या खाऱ्या वाऱ्याला तो वर्षानुवर्षं तोंड देत होता. तो बघायचा तर गाडीखाली जावं लागतं. त्यासाठी रॅम्प हवा, निदान खड्डा हवा. बरं, गाडी मालाडच्या गॅरेजला न्यावी, तर मार्वेच्या बोटीत दुचाकी चढते, मोटार चढत नाही. पाण्यावरून हाकेच्या अंतरावर मालाड दिसतं, पण गाडीला गोराई, उत्तन, भाईंदर असा सगळा वळसा घालून यायला हवं. ताडपत्रीखालून निघालेली गाडी एवढा वळसा घालेल का, हेच तर तपासायचं होतं. साहेबांना हा पेच फार आवडला. "भूगोलच आड आला, नाहीतर मी इन्स्पेक्शन केलंच असतं," असं ते सगळ्यांना सांगू लागले.

हे वहिनींच्या कानावर गेलं. आतापर्यंत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "गाडी येत नाही ना? मग माणूस जाईल. पैसे मी देते." दुसऱ्या दिवशी सकाळी मालाडचा मेकॅनिक दोन जॅक, चार स्टँड आणि पान्यांची पिशवी घेऊन बोटीत चढला. बाजूला वहिनी, मागे साहेब, अगदी वरपक्षाच्या चेहऱ्याने.

मेकॅनिक तासभर गाडीखाली पडून होता. आधी नुसतं ठोकल्याचा आवाज, मग स्क्रूड्रायव्हरने खरवडल्याचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. साहेब खाली वाकून विचारत, "छान आहे ना?" खालून उत्तर येत नव्हतं. शेवटी तो बाहेर आला, अंग झटकलं आणि बोलायला लागला.

"पुढच्या फ्रेमला क्रॅक होता, वेल्डिंग मारलंय."

"म्हणजे दुरुस्ती करून झालेली आहे," साहेब म्हणाले.

"मागचा सायलेन्सर सडलाय."

"म्हणून आवाज इतका भारदस्त येतो!"

"टपाच्या खाली पाणी झिरपतं. दोन्ही गालिच्यांखाली ओल आहे."

"पावसात टप उघडायचाच कशाला?"

"टप बंद असतानाच झिरपतं, साहेब."

साहेब जरा थांबले. "टायर?"

"टायरवर नक्षी भरपूर आहे. पण बाजूला बनल्याचा आठवडा आणि साल लिहिलेलं असतं, ते बघा. माझ्या मुलीपेक्षा मोठे आहेत. मुलगी बारावीला आहे."

"आणि इंजिन?"

"इंजिन चांगलं आहे," मेकॅनिक म्हणाला, आणि साहेबांना पुढचं काही ऐकू आलं नाही. पुढचं असं होतं की या इंजिनाचा पंप बिघडला तर मालाडच्या दुकानात मिळणार नाही, मागवावा लागेल, आणि कुठून ते मागवणाऱ्याने ठरवायचं.

वहिनींनी सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि प्रत्येक ओळीसमोर मेकॅनिककडून खर्चाचा आकडा लिहून घेतला. मग अंकलकडून मालकाचा नंबर लावला, व्हरांड्यात जाऊन पाच मिनिटं बोलल्या. आवाज चढला नाही. परत येऊन म्हणाल्या, "एक लाख कमी केले त्याने."

साहेबांचा चेहरा उतरला. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. वाकून त्यांनी पहिल्यांदाच चाकामागे बघितलं. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, पट्टी उलटून पाहिली, डिकी उघडून स्टेपनीच्या खड्ड्यात नाक घातलं. बोनेटवर तळहात ठेवला. मला बाजूला घेऊन कुजबुजले, "एक लाख? पाच मिनिटांत? हा माणूस काहीतरी लपवतोय. माझा विश्वास नाही. आधी कागद बघू, आधीच्या मालकांची माहिती काढू, बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनवाला आणू. हा मेकॅनिकसुद्धा त्यालाच मिळालेला नाही कशावरून?"

मी वहिनींकडे बघितलं. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या, टप मागे केला होता, आणि फोन पर्समध्ये ठेवत अंकलना सांगत होत्या की दहा हजारांचं टोकन आत्ताच गेलं, मालकाला पोचलं का एकदा विचारा.