श्रीखंडासाठी माकडटोपी

अमेरिकेत राहणारा मराठी माणूस विजेचा विचार महिन्यातून एकदा, बिल आल्यावर करतो. तोच माणूस आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोनला निघाला, की दर तासाला करतो. आरव्हीत शेगडी, बाथरूम, पलंग, फ्रिज सगळं असतं. विजेची तार तेवढी मागे राहते.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या, अकोल्याचा उन्हाळा टाळून आलेल्या. त्यांच्या देखरेखीखाली फ्रिजमध्ये घरी चक्का बांधून केलेलं श्रीखंड, धिरड्यांचं पीठ, ओलं खोबरं आणि विरजण असा ऐवज रचला गेला. फ्रिज आदल्या रात्रीच चालू करून ठेवला होता, कारण हा प्राणी गार व्हायला रात्रभर घेतो. तो गॅसवर चालतो हे ऐकल्यावर सासूबाईंनी मला बाहेरची जाळी काढायला लावली. आत खरोखरच निळी ज्योत होती.

"अरे बाप्पा! इथं जाळ अन् तिथं बर्फ? जावईबापू, तुम्हाला फसवलं."

फसवलं नव्हतं. ती ज्योत अमोनिया मिसळलेलं पाणी उकळते. अमोनियाची वाफ वर जाते, गार होऊन तिचा द्रव होतो. मग हायड्रोजनच्या संगतीत तो पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता घेऊन जातो आणि शेवटी पाण्यात विरघळून परत ज्योतीपुढे हजर. ना मोटर, ना कॉम्प्रेसर, ना आवाज. १९२२ साली स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. पुढे खुद्द आइनस्टाइनने लिओ झिलार्डबरोबर बिनमोटरच्या फ्रिजचं पेटंट घेतलं. अमेरिकेत ते १९३० साली मिळालं. (सापेक्षतावाद मांडून रिकामा बसलेल्या माणसालाही घरकाम चुकत नाही.)

या फ्रिजची खोड एकच. आतला द्रव स्वतःच्या वजनाने वाहतो, म्हणून गाडी सपाट उभी लागते. तिरकी राहिली, की द्रव एका कोपऱ्यात तुंबतो आणि गारवा संपतो. मी फोनवरच्या लेव्हलच्या ॲपमध्ये बघत चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवत होतो. सासूबाईंनी ताटात आमटी वाढून टेबलावर ठेवली आणि खिडकीतून हुकूम सोडला, "भाताकडे चाललीय. डावं चाक उचला." ॲपचं आणि आमटीचं एकमत होतं. आमटी मात्र नंतर खाता आली.

मॅडिसन कॅम्पग्राउंडला विजेची जोडणी नाही. जनरेटर सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच चालवायचा, एरवी सगळा भार बॅटरीवर. आमची बॅटरी शिसे आणि आम्लाची, १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची. तिच्यातले निम्मेच वापरायचे. त्याखाली वारंवार उतरली तर ती अकाली म्हातारी होते. म्हणजे हातात ५०. आता हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा ढकलणारा त्याचा पंखा बॅटरीवर, आणि तो तासाला सात-आठ खातो. फ्रिजही गॅसवर चालतो, पण ज्योतीवर लक्ष ठेवणारा त्याचा कंट्रोल बोर्ड बॅटरीवर. बॅटरी मेली, की टाकीत कितीही गॅस असो, ज्योत विझणार. थोडक्यात, रात्रभर आम्ही उबेत झोपायचं की श्रीखंडाने गारव्यात झोपायचं, एवढाच प्रश्न होता.

सासूबाईंनी ऊर्जाखातं स्वतःकडे घेतलं. लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर दोन मुलींची दहावी पार पाडलेल्या बाईपुढे इंजिनिअर जावयाने काय बोलायचं? भिंतीवरचा व्होल्टचा आकडा त्या बीपीसारखा सकाळ-संध्याकाळ तपासू लागल्या: १२.७ म्हणजे प्रकृती उत्तम, १२.१ म्हणजे निम्मी संपली, सगळ्यांनी गप्प बसा. इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावला, की बॅटरीतून सव्वाशे अँपिअर खेचतो, असं मी सांगून बसलो. तेव्हापासून मायक्रोवेव्हमध्ये कांदे-बटाटे राहू लागले. फ्रिजचा नियम वेगळा होता. काय पाहिजे ते आधी मोठ्याने सांगायचं, मगच दार उघडायचं. "बघतो काय आहे ते" हे कारण नामंजूर.

यलोस्टोनमध्ये जूनच्या रात्रीही पारा शून्याजवळ जातो. हीटर नऊला बंद झाला. सासूबाईंनी बॅगेतून माकडटोप्या काढल्या. त्या अकोल्याहून आणल्याबद्दल विमानतळावर आम्ही हसलो होतो. आता कोणी हसलं नाही.

"अगं आई, बाहेर फ्रिजपेक्षा गार आहे," बायको दात वाजवत म्हणाली. "डबा बाहेर टेबलावर ठेव आणि हीटर लाव ना."

तेही शक्य नव्हतं. इथे ग्रिझली अस्वलांची वस्ती. अन्न, कूलर, अगदी उष्टी भांडीसुद्धा बाहेर ठेवायची नाहीत, सगळं गाडीत कुलूपबंद, असा पार्कचा नियम. म्हणून बाहेर फुकटचा शून्य अंश वाया जात होता, आत आम्ही गोधड्यांत काकडत होतो आणि श्रीखंड चार अंशांवर राहावं म्हणून रात्रभर गॅस जळत होता. त्या गाडीत खरी ऊब एकाच जागी होती: फ्रिजच्या मागे.

पुढच्या मुक्कामी ३० अँपिअरचा खांब मिळाला. १२० व्होल्टने गुणलं, की ३६०० वॅट! बायकोने इलेक्ट्रिक किटली लावली, मुलाने कांदे-बटाटे काढून मायक्रोवेव्ह लावला, मी विकत घेतलेला छोटा हीटर लावला. तिघांचे मिळून साडेचार हजार झाले आणि खटका पडला. दिवे बॅटरीवरचे, ते चालूच होते. त्यांच्या उजेडात सासूबाई कागद-पेन घेऊन बसल्याही होत्या.

"किटली, सकाळी सात ते सव्वासात," त्या लिहू लागल्या. "मायक्रोवेव्ह, साडेसात. हीटर..." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हीटर, दुपारी दोन ते तीन."