गोटीवाले अण्णा

सोलापुरात कुणाच्या दारात सामानाचा टेम्पो थांबला की पाच मिनिटांत दोघंजण हजर होतात. एक गल्लीतलं कुत्रं, दुसरे अण्णा. कुत्रं टायर हुंगून परत जातं.

असे अण्णा जुळे सोलापुरात आहेत, होटगी रोडला आहेत, पूर्व भागातल्या पेठांमध्ये तर गल्लीला एक आहेत. आमचे अण्णा एका बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. बांधकामाशी त्यांचा संबंध एवढाच, की स्वतःचं घर उभं राहत असताना ते आठ महिने समोर खुर्ची टाकून बसले होते. त्या काळात तीन गवंडी काम सोडून गेले. चौथ्याला कमी ऐकू यायचं, म्हणून घर पुरं झालं.

पांढरा पायजमा, बंडी, खांद्यावर सोलापुरी टॉवेल आणि खिशात काचेची एक गोटी. नव्या घरात शिरले की अण्णा देवघर बघत नाहीत, हॉल बघत नाहीत, थेट बाथरूम गाठतात. उकिडवे बसून फरशीवर गोटी सोडतात. गोटी जाळीकडे घरंगळली तर त्यांचा चेहरा पडतो. दाराकडे आली की उजळतो. मग खिशातून रुपयाचं नाणं निघतं आणि हॉलमधल्या एकेका फरशीवर टकटक सुरू होते. जिथं आवाज पोकळ येईल तिथं खाली माल भरलेला नाही. अशी फरशी सापडली की अण्णा घरमालकाकडे बघतात. बोलत नाहीत. नुसतं बघतात.

अण्णांचं एकही म्हणणं चुकीचं नसतं, हीच खरी अडचण आहे. चुकीचं असतं तर हसून सोडून दिलं असतं. ते बरोबर असतं आणि एक दिवस उशिरा येतं.

समोरच्या घरात लातूरहून बदली होऊन एक तरुण जोडपं आलं. हमाल लोखंडी कपाट घेऊन जिन्याच्या वळणावर अडकलेले. वरचा खालच्याला ‘का बे, ढकल की’ म्हणतोय, खालचा त्याच्या खानदानाची चौकशी करतोय. अण्णा जिन्याच्या तोंडाशी उभे. ‘मालक, आणायच्या आधी जिना मोजायला पाहिजे होता. कपाटाची उंची नाही, तिरकी मापं.’ कपाट शेवटी दोरानं गच्चीवरून चढवलं. मग अण्णांनी मुख्य प्रश्न टाकला, ‘इथला नळाचा वार विचारला होता का?’

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळत नाही. सोलापुरात उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरचा प्रवास करून येतं आणि नळाला काही दिवसांआड दर्शन देतं. धरण ११७ टीएमसीचं आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, हे आकडे अण्णांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ. तर नियम असा, की नव्या घराला पाणी येऊन गेलं, हौद भरला, वरची टाकी धुऊन भरली, की दुसऱ्या दिवशी सामान हलवायचं. हे जोडपं नेमकं पाणी जाऊन तीन दिवस झाल्यावर आलं होतं. जुन्या भाडेकरूनं जाताना हौदाचा तळ पुसून नेला होता. पहिल्या रात्री त्या बिचाऱ्यांनी ज्यात दूध उतू घालवलं ते पातेलंही अण्णांच्याच घरी घासायला गेलं. वहिनींनी ते हसतमुखानं घासलं. अण्णांशी चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला पातेल्याचं काय!

अण्णांची दुसरी हौस म्हणजे भेगा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंत बोलायला लागते, आधी कंपाउंडची, मग घराची. सगळ्याच भेगा धोक्याच्या नसतात. गिलाव्याला नीट पाणी मारलं नसेल तरी केसासारख्या चिरा पडतात, त्या रंगाखाली जातात. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढत जाणारी भेग मात्र लक्ष ठेवण्यासारखी. ती वाढतेय की थांबलीय हे कळायला दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख टाकायची. पद्धत शास्त्रीय आहे. फक्त अण्णा ती तारीख लोकांच्या नव्या रंगवलेल्या हॉलमध्ये टाकतात, न विचारता, आणि खाली सही करतात. कॅशियरची सवय.

कागदांबाबतही त्यांचं डोकं तसंच चालतं. जुनं घर घेणाऱ्यानं घरपट्टी आणि नळपट्टीची थकबाकी आधी बघावी, कारण मालक निघून जातो, बाकी घरातच राहते. लाइटचं मीटर नावावर करून घ्यावं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं, कोरड्या जमिनीत अर्थिंग नुसतं नावाला उरतं. आता माणसांना पाणी नाही तिथं खड्ड्याला कुठून, असं कुणी म्हटलं की अण्णा शांतपणे म्हणतात, ‘कपडे धुतलेलं ओता की. खड्डा काय नाक मुरडतोय?’ कूलरचं गवत पाडव्याच्या आधी बदलावं, बोअरच्या क्षारानं ते दगड झालेलं असतं. आणि कूलर लावून खिडक्या बंद करू नयेत, हवा बाहेर जायला वाट पाहिजे. शेवटचा सल्ला त्यांनी मेमध्ये, ४३ अंशांत, बंद खोलीत घामानं निथळणाऱ्या पाहुण्यांना दिला. पाहुणे दुसऱ्या दिवशी जाणार होते.

१९ जानेवारी २०२४ला कुंभारीच्या रे नगरात पंतप्रधानांच्या हस्ते १५,००० घरांचं लोकार्पण झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, अशा लोकांची ती घरं. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. सोलापूरकर म्हणून ऊर भरून आला होता. अण्णांचे डोळे पाणावले. ‘पंधरा हजार बाथरूम,’ ते पुटपुटले, ‘आणि मी एकटा.’ वसाहत एकूण ३०,००० घरांची आहे, असं कुणीतरी सांगितल्यावर ते त्या रात्री जेवले नाहीत म्हणतात.

लातूरकर जोडपं हुशार निघालं. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून गच्चीच्या उताराकडे कुणी बघत नाही, आणि सप्टेंबरचा पाऊस सगळा हिशेब एकदम चुकता करतो. त्यांच्या बेडरूममध्ये तो चुकता झाला होता. घरमालकानं एप्रिलमध्ये वॉटरप्रूफिंगला होकार दिला, तेव्हा त्या तरुणानं ठरवलं की या खेपेला आधी विचारायचं. पेढ्यांचा पुडा घेऊन तो अण्णांकडे गेला. ‘अण्णा, काम सोमवारी सुरू होणार आहे. काय काय करून घेऊ?’

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं उसने पैसे मागितले. पेढा घेतला. पुडा मिटला. पंख्याकडे बघत म्हणाले, ‘ते गवंड्याला विचारा. आता नवीन नवीन केमिकलं आलीत, मला त्यातलं काय कळतंय?’ आणि पेपर तोंडासमोर धरला.

सोमवारी काम सुरू झालं. अख्खा आठवडा अण्णा गच्चीकडे फिरकले नाहीत. जुना कोबा निघाला, नवा पडला, उतार काढला, वर उन्हासाठी पांढरा रंग बसला. शेवटी गळती तपासायला दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं होतं, त्यासाठी टँकरही मागवून झाला. गवंडी पैसे घेऊन, मोटरसायकलला थापी-ओळंबा अडकवून कोपऱ्यावरून वळला आणि जिन्यात चपला वाजल्या.

अण्णा गच्चीभर फिरले. कठड्याच्या कडेनं बोट फिरवलं. स्लॅब आणि कठडा जिथं मिळतात तिथं बोट थांबलं आणि चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पसरला.

‘इथं गोलाई द्यायला पाहिजे होती मालक. पाणी या काटकोनातूनच आत शिरतंय.’

तरुणानं कपाळाला हात लावला. ‘अहो अण्णा, मग सांगायचं ना आधी!’

‘विचारायचं की,’ अण्णा म्हणाले. ‘मी काय लांब राहतो?’