टॅब, स्पेस आणि पाकळीचा ल

१९७६ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन नावाच्या गृहस्थांनी ‘मेक’ नावाचं एक छोटंसं साधन लिहिलं. मोठ्या प्रोग्रामचे तुकडे योग्य क्रमाने जुळवून घेणं हे त्याचं काम. त्याला सूचना देणारी फाइल लिहिताना काही ओळी टॅबनेच सुरू झाल्या पाहिजेत, असा नियम त्यांनी सोय म्हणून ठेवून दिला. लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की नियम काही बरा नाही, कारण टॅब आणि स्पेस दोन्ही कोरेच दिसतात. पण तोवर दहा-बारा जण ते साधन वापरायला लागले होते, आणि त्यातले बहुतेक मित्रच. आता बदल केला तर त्यांची पंचाईत होईल, म्हणून फेल्डमन यांनी नियम राहू दिला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती पन्नास वर्षांची झाली. आजही त्या फाइलमध्ये टॅबच्या जागी आठ स्पेस दिले, की संगणक ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ असं म्हणून हात झटकतो. तुम्ही पडद्याला नाक लावून बघा, ओळ अगदी बरोबर दिसते. मी पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोड काढून पगार घेते. तरी ही खोड मला डोळ्यांनी कधी सापडलेली नाही.

टॅब की स्पेस, हा वाद ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रोग्राम लिहिताना काही ओळी डावीकडून थोड्या आत सरकवतात, म्हणजे कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे ते कळतं. ती सरकवायची कशी, एवढाच प्रश्न आहे. पायथनवाल्यांच्या नियमावलीत चार स्पेस आहेत. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात टॅब, तोही आठ अक्षरांएवढा रुंद. गो या भाषेच्या लोकांनी तर भाषेबरोबरच एक हवालदार दिला: तुम्ही काहीही लिहा, तो येऊन सगळं टॅबमध्ये बसवून जातो. त्याने बसवलेलं कुणालाच फारसं आवडत नाही आणि सगळेच त्याच्यावर खूश असतात, कारण भांडायला जागाच उरत नाही.

पण भांडायला जागा नको असलेली माणसं या धंद्यात थोडी. आमच्याकडे दोन ज्येष्ठ आहेत. एक टॅबचे, एक स्पेसचे. दोघेही अत्यंत सज्जन, एकमेकांच्या मुलांच्या मुंजीला गेलेले, एकाच गाडीतून हिंजवडीला येणारे. गाडीत पेट्रोलचा हिशोब अर्धा-अर्धा, कधी कुरबुर नाही. आणि ऑफिसात एकाने दुसऱ्याची फाइल उघडून जतन केली, की सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात आणि दिवसभर दोघे ‘अहो’ म्हणून बोलतात. एरवी ते अरे-तुरेतले आहेत.

आता मी जे सांगणार आहे ते मला जागेवर बसल्या बसल्या, दोघांच्या पडद्यांकडे बघून सापडलं. संगणकाच्या दुनियेतली सगळ्यात कडाक्याची भांडणं कुठली गोष्ट चांगली यावर होत नाहीत. ती डीफॉल्ट काय असावं यावर होतात. डीफॉल्ट म्हणजे आपण काहीच निवडलं नाही तर जे आपसूक पदरात पडतं ते. आणि गंमत अशी, की डीफॉल्टसाठी जिवाच्या आकांताने भांडणारा माणूस स्वतः डीफॉल्ट कधी वापरत नाही. नवा लॅपटॉप हातात आला की पहिल्या तासात तो सगळं बदलून टाकतो. रंग बदलतो, कळा बदलतो, कॅप्स लॉकची कंट्रोल करतो. आमच्या त्या दोघांच्या मशीनवर मला साधी कॅल्क्युलेटरची खिडकी उघडता येत नाही. म्हणजे ही लढाई सगळी परक्यांसाठी आहे. ज्यांना सेटिंग नावाचं पान असतं हेही ठाऊक नाही, त्यांच्या पदरात काय पडावं, यासाठी.

१९७६ या सालाची कुंडली कुणीतरी मांडायला हवी. ‘मेक’ त्याच काळातलं, बिल जॉय यांनी बर्कलीत ‘व्हीआय’ हा एडिटर लिहायला घेतला तो त्याच काळात, आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा ईमॅक्सही तेव्हाचाच. पुढच्या दोन पिढ्यांना पुरेल एवढं भांडण एका मोसमात पेरलं गेलं. व्हीआयवाले आणि ईमॅक्सवाले यांच्यातला विस्तव अजून विझलेला नाही. स्टॉलमन स्वतः भाषणांत अंगात झगा आणि डोक्यामागे जुन्या हार्डडिस्कच्या तबकडीचं तेजोवलय लावून ‘चर्च ऑफ ईमॅक्स’चे संत म्हणून उभे राहायचे आणि सांगायचे, की व्ही-आय, व्ही-आय, व्ही-आय असं तीनदा लिहिलं की रोमन आकड्यांत सहा-सहा-सहा होतात, म्हणजे सैतानाचा अंक. यावर लोक हसायचे. काही टिपून घ्यायचे.

व्हीआयचा पुढचा अवतार ‘व्हिम’. तो ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली बाहेर काढला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत सांभाळला. तो उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी एक ओळ दिसते. या सगळ्या युद्धात ज्या ओळीने कुणाचं तरी भलं झालं अशी मला ठाऊक असलेली ती एकच ओळ. बाकी व्हिमचं वैशिष्ट्य असं, की त्यातून बाहेर कसं पडायचं हे नवख्याला सापडत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर नेटवर शोधत आलेल्यांचा आकडा २०१७ मध्ये दहा लाखांवर गेला होता. शेवटी २०२० मध्ये फेडोरा या लिनक्सने आपला डीफॉल्ट एडिटर बदलून ‘नॅनो’ केला. त्यात बाहेर पडायची कळ खालीच लिहिलेली असते. यावर किती शाई सांडली असेल! सांडणाऱ्यांपैकी एकाच्याही मशीनवर काही फरक पडणार नव्हता. आपला एडिटर काय असावा, हे त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं होतं.

मला जुनी भांडणं वाचायला आवडतात. रात्री जेवणं झाली, ओटा पुसला, की मी एखादं काढून बसते. त्यातलं सगळ्यात देखणं भांडण जानेवारी १९९२ मधलं. एका बाजूला ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम. त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ नावाची कार्यप्रणाली लिहिली होती, आणि तिच्यावरचं त्यांचं पुस्तक जगभर अभ्यासाला होतं. दुसऱ्या बाजूला हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स. ते पुस्तक वाचूनच शिकलेला. त्याने काही महिन्यांपूर्वी ‘छंद म्हणून करतोय, फार मोठं काही नाही’ अशा अर्थाची प्रस्तावना करून लिनक्स जाहीर केलं होतं. सरांनी चारचौघांत लिहिलं, लिनक्स कालबाह्य आहे. सगळं एकाच गोळ्यात कोंबणारा गाभा हा सत्तरच्या दशकाकडे परत जाणं आहे; छोटा गाभा आणि बाकीचं बाहेर, हीच पुढची दिशा. पोरानं उत्तर दिलं ते आपल्याकडे पोरानं दिलं असतं तर घरी वडिलांना बोलावणं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी पोराने सूर खाली आणून दिलगिरीही व्यक्त केली; सरांचं म्हणणं होतं, तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब समज, अशा रचनेला माझ्याकडे चांगले गुण मिळाले नसते.

हे भांडण मला आवडतं ते पुढच्या गोष्टीमुळे. लिनक्स आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. माझ्या भाजीवाल्याच्या फोनमध्येही. पण सरही हरले नाहीत. २०१७ मध्ये उघड झालं, की इंटेलच्या नव्या चिपांच्या आत, मालकाच्या नजरेआड, एक छोटा स्वतंत्र संगणक चालतो आणि त्याच्यावर मिनिक्स आहे. टॅनेनबाम यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं, त्याचा सूर साधारण असा: आनंद आहे, कायद्याने सांगायला हवं होतं असं नाही, पण कळवलं असतंत तर बरं वाटलं असतं. परवान्यातच लिहिलं होतं, की कुणीही घ्या, विचारायची गरज नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही. गुरू-शिष्य दोघेही जिंकले आणि दोघांचं जिंकणं वापरणाऱ्याला ठाऊकही नाही. भाजीवाला एका हाताने कोथिंबीर निवडतो आणि दुसऱ्या हाताने क्यूआर कोडची पाटी पुढे करतो.

याच्या उलट टोकाला डेबियन या लिनक्सचं भांडण. संगणक चालू झाला की सगळ्यात आधी एक प्रक्रिया उठते आणि ती बाकीच्यांना उठवते. घरात पहाटे पहिल्यांदा उठून दूध तापवणारा माणूस असतो ना, तसंच. तो जुना माणूसच राहावा, की ‘सिस्टिमडी’ हा नवा, जरा जास्तच कर्तबगार माणूस ठेवावा, यावर डेबियनवाले महिनोन्‌महिने लढले. नव्याचे विरोधक म्हणत, हा दूध तापवता तापवता घराच्या किल्ल्या, हिशेबाची वही आणि पाहुण्यांची यादीही ताब्यात घेतो. ते खोटं नव्हतं. समर्थक म्हणत, जुना माणूस एका वेळी एकच भांडं तापवतो. तेही खोटं नव्हतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आला. हरलेल्यांपैकी काही जण वेगळी चूल मांडून बाहेर पडले, त्यांनी ‘देवुआन’ नावाचं दुसरं डेबियन काढलं, आणि ते आजही सुरळीत चालू आहे. याबद्दल मला आदर वाटतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रुसून निघून जाताना तुम्हाला अख्खं घर कॉपी करून नेता येतं.

टॅबच्या बाजूने मला आजवर एकच मुद्दा खरा वजनदार वाटलेला आहे, आणि तो मांडणाऱ्यांचा आवाज सगळ्यात लहान असतो. ज्यांना कमी दिसतं ते टॅब हव्या त्या रुंदीचा करून घेऊ शकतात. कुणी आधीच ठोकलेले चार स्पेस त्यांना कमी-जास्त करता येत नाहीत. ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचणाऱ्याला टॅब एका घरात मावतो, स्पेस चार घरं खातात. बऱ्याच पट्ट्यांना घरंच चाळीस. हा मुद्दा मी जेवणाच्या सुट्टीत मांडला तेव्हा आमचे दोन्ही ज्येष्ठ क्षणभर गप्प झाले. मग स्पेसवाले म्हणाले, ‘‘मुद्दा योग्य आहे. पण फाइल सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.’’ आणि पोळीचा पुढचा तुकडा मोडला.

आता इतकं सगळं दुसऱ्यांचं उणंदुणं काढल्यावर माझ्या ल बद्दल बोलायला हरकत नाही. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात. हिंदी ल ला शेजारी उभा दंड असतो. श ला आपल्याकडे गाठ असते. शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि गाठीचा श मराठीसाठी सांगितले. शासन सांगतं, संगणक ऐकत नाही. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ल ला क्रमांक एकच. आकार काढायचा तो फॉन्टने. फॉन्टात दोन्ही आकार असले, तरी मजकुराला ‘ही मराठी आहे’ अशी खूण हवी आणि ती खूण वाचणारा प्रोग्राम हवा. खूण नसली की बहुतेक ठिकाणी आपसूक काय मिळतं? दंडाचा. म्हणजे आळशी मराठी माणसाच्या पदरात हिंदी ल पडतो, आणि मराठी माणूस या बाबतीत फार मेहनती आहे असं मला दिसलेलं नाही. लग्नपत्रिका बघा. दुकानांच्या पाट्या बघा. मी पत्रिका हातात घेतली की आधी मुहूर्त बघत नाही, ‘कुलस्वामिनी’ बघते. हा लेख छापताना कुठला ल येईल ते संपादकांच्या हातात आहे; मी त्यांना वेगळी चिठ्ठी पाठवली आहे.

या विषयावर मी नेटवर कुणाकुणाशी किती वेळ बोलले आहे ते घरात कुणाला सांगत नाही. एकदा उत्तरेकडचा एक सभ्य मुलगा मला म्हणाला, ताई, अक्षर वाचता येतं ना, मग झालं. त्या रात्री ओटा तसाच राहिला.

माझे मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. मराठी टंकलेखन, मिनिटाला तीस शब्द, परीक्षा पास, गोदरेजच्या यंत्रावर. निवृत्तीनंतर त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा मी त्यांच्या संगणकावर लिनक्स टाकलं, पाकळीचा ल दाखवणारा एक मुक्त फॉन्ट बसवला, भाषेची खूण लावली आणि सगळं जागच्या जागी आहे ना ते तीनदा तपासलं. सवयच आहे. मामांनी चष्मा पुसला, ‘कोल्हापूर’ बघितलं, आणि म्हणाले, ‘‘अक्षर सुरेख आहे. पण माझा की-बोर्ड कुठे गेला?’’

की-बोर्ड इनस्क्रिप्ट होता. भारत सरकारने ऐंशीच्या दशकात ठरवलेला, बहुतेक भारतीय लिप्यांना एकच, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मी त्याचं गुणगान सुरू केलं. किती शास्त्रशुद्ध, किती सोपा, एकदा शिकलात की कन्नडही त्याच कळांवर. मामांनी ऐकून घेतलं.

‘‘अगं, मला कन्नड लिहायचंय कुठे? माझी बोटं टाइपरायटरची आहेत. ती आता सत्तर वर्षांची झाली.’’

‘‘मामा, पण इनस्क्रिप्ट हे डीफॉल्ट आहे. प्रमाण आहे.’’

‘‘बरं. तू कशात टाइप करतेस?’’

मी फोन पुढे केला. मी मराठी रोमन अक्षरांत बडवते, फोन तिची देवनागरी करतो. मामांनी माझं बोट ‘एल’ या कळेवर पडताना आणि पडद्यावर ल उमटताना बघितलं. दोनदा बघितलं.

‘‘म्हणजे तू इंग्रजी एल दाबतेस,’’ ते म्हणाले, ‘‘आणि आमच्या ल साठी रात्र रात्र भांडतेस.’’

‘‘मामा,’’ मी म्हटलं, ‘‘फोनमध्ये तेच आलं होतं.’’