प्रश्न विचारणाऱ्याची खुर्ची

मेब्रिट इलनर या जर्मन पत्रकार बाई ऑक्टोबर 1999 पासून ‘झेडडीएफ’ वाहिनीवर राजकारण्यांना समोर बसवून प्रश्न विचारतायत. चान्सेलर श्रोडर गेले, मर्केल आल्या आणि गेल्या. बाईंची खुर्ची तिथेच. ‘झेडडीएफ’सारख्या तिथल्या सार्वजनिक वाहिन्यांसाठी घरटी दरमहा वर्गणी असते, 2021 पासून 18.36 युरो. खुर्चीचं भाडं प्रेक्षकच भरतो.

आता आपले पत्रकार निखिल वागळे. त्यांनी 1990 मध्ये ‘महानगर’ हे सांजदैनिक काढलं आणि शिवसैनिकांचे हल्ले झेलले. एप्रिल 2008 मध्ये ‘आयबीएन-लोकमत’ सुरू झालं, त्यावरचा वागळेंचा ‘आजचा सवाल’ हा चर्चेचा कार्यक्रम घराघरांत पोचला. 20 नोव्हेंबर 2009 ला त्या वाहिनीची मुंबई-पुण्याची कार्यालयं शिवसैनिकांनी फोडली. 2014 मध्ये वाहिनी चालवणारा ‘नेटवर्क 18’ समूह रिलायन्सच्या ताब्यात गेला, त्याच वर्षी वागळे बाहेर पडले. 2017 मध्ये ‘टीव्ही 9’वरचं त्यांचं ‘सडेतोड’ही बंद झालं. 9 फेब्रुवारी 2024 ला पुण्यात ‘निर्भय बनो’ चळवळीच्या सभेला जाताना त्यांची गाडी फोडली. ही मराठी निवेदकाची कारकीर्द!

वागळे चढ्या आवाजात बोलायचे, पाहुण्याला मध्येच तोडायचे. ते खटकायचं. पण उत्तर टाळलं की तोच प्रश्न पुन्हा यायचा, आणि समोरचा पुढारी कोण आहे हे बघून प्रश्न मऊ व्हायचा नाही. आज रात्रीच्या चर्चेत चार पक्षांचे चार प्रवक्ते एकदम ओरडतात. निवेदक ‘वेळ संपली’ म्हणतो आणि प्रश्न तसाच राहतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला प्रश्न लावून धरण्याची परंपरा फार जुनी. विसोबा खेचर इथल्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजले होते, असं सांगतात. संत नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नरसीचा तो भक्त उत्तर शोधता शोधता शिष्य झाला. आजच्या स्टुडिओत दोघांनाही वीस सेकंद मिळाले असते.

हिंगोली वाहिन्यांवर दिसते कधी? 2024 च्या लोकसभेला हेमंत पाटलांची उमेदवारी जाहीर होऊन बदलली, तेव्हा दिसली. तिकीट कुणाचं कापलं यावर तासन्‌तास चर्चा. पण आमच्या औंढा तालुक्यात लायगो प्रकल्प येतोय, विश्वातले गुरुत्वीय तरंग टिपणारा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा. केंद्राची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी 2016 ची. 2,600 कोटींना हिरवा कंदील एप्रिल 2023 ला. मधली सात वर्षं कशात गेली, हे कोणत्या मंत्र्याला कॅमेऱ्यासमोर विचारलं? 10 जुलै 2024 ला सकाळी 4.5 तीव्रतेच्या भूकंपानं जिल्हा हादरला. जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे गावची माणसं जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल कधीपासून सांगतायत. लायगोच्या यंत्राला स्थिर जमीन लागते, मग या धक्क्यांचा हिशेब आराखड्यात कसा धरलाय? आणि गावातल्या जुन्या घरांचं काय?

यासाठी चार प्रवक्ते नकोत. उत्तर देण्याचा अधिकार असलेला एक मंत्री, एक भूकंपशास्त्रज्ञ, पांगरा शिंदेचा एक गावकरी, आणि ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत’ असं तिसऱ्यांदा म्हणणारा निवेदक हवा. दुसऱ्या दिवशीही त्याची नोकरी शाबूत राहील, एवढी हमी वाहिनीच्या मालकानं द्यावी.