मोहने रोडवरील खानावळ मालकांस, भाच्याच्या नेमणुकीबद्दल

मा. मालक यांस,


आपल्या आगरी खानावळीच्या पदार्थांचे फोटो काढण्याचं काम आपण अखेर आपल्या भाच्याकडे सोपवलंत, त्याबद्दल प्रथम जाहीर अभिनंदन. निवड किती कसून झाली, हे मी जेवता जेवता पाहिलं आहे. डोंबिवलीहून आलेल्या बाईंनी दिवसाचा दर सांगितला, तेव्हा आपण ‘प्लेटमागे किती?’ असं विचारून त्यांना गप्प केलंत. कल्याणचा मुलगा म्हणाला, सोबत फूड स्टायलिस्ट लागेल. त्यावर आपण ‘आमच्याकडे वहिनी आहेत’ असं सांगून विषय संपवलात. भाच्याकडे मात्र नवा फोन होता, तो फुकट होता, आणि उल्हास नदीच्या काठावर मित्राचं प्री-वेडिंग शूट केल्याचा अनुभवही होता. नवरी बरी दिसली, तर सुरमई का दिसू नये?

निकाल आता ॲपवर सगळ्यांसमोर आहे. भाचेरावांनी रात्रीची गर्दी ओसरल्यावर, हिरव्या भिंतीला लागून, ट्यूबलाइटखाली, वरून फ्लॅश मारून चिंबोरीचा रस्सा टिपला. तर्रीवर पांढरा डाग पडला, खालचा रस्सा डांबरासारखा काळा झाला आणि भिंतीचा हिरवा रंग शेजारच्या कोलंबीला चढला. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी तुंबलेल्या गटाराचा फोटो केडीएमसीकडे तक्रारीसोबत पाठवतोय. थाळीचा फोटो त्याने स्टुलावर चढून काढला. अकरा वाट्या, दोन भाकऱ्या, सोलकढी, सगळं आलं. फोनवर तो फोटो अंगठ्याएवढा दिसतो आणि त्यात नुसते ठिपके उरतात, एवढीच काय ती अडचण.

आपलं म्हणणं मला पाठ आहे. ठाण्याच्या मामलेदार मिसळीला कुठे फोटोग्राफर लागला? कल्याणचा खिडकी वडा घराच्या खिडकीतून विकूनच नावारूपाला आला ना? खरं आहे. पण तिथे माणूस रांगेत उभा राहून समोरच्याच्या ताटात डोकावतो. आपल्याकडेही पूर्वी तेच होतं. मोहन्याची एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा पाळी सुटली की माणसं मसाल्याच्या वासाने आत यायची. 2009 साली कंपनीला टाळं लागलं आणि ती नाकंही गेली. आताचं गिऱ्हाईक शहाडच्या नाहीतर टिटवाळ्याच्या टॉवरमध्ये सोफ्यावर बसलेलं असतं. त्याच्यापर्यंत आपला वास पोचत नाही, पोचतो तो भाच्याचा फोटो.

तरुणपणी दादरच्या एका स्टुडिओत मी लाइट धरायला होतो, म्हणून चार शब्द बोलण्याचा आगाऊपणा करतो. फोटोग्राफर आपलं काम दाखवायला येतो तेव्हा मोबाइलवर केक दाखवतो. केक सगळ्यांचे चांगले येतात. आपण फक्त म्हणायचं, ‘काळ्या रश्श्याचा दाखवा.’ भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आहे. त्याला समोरून उजेड दिला की चिखल होतो. उजेड मागून किंवा बाजूने यावा लागतो, तेव्हा कुठे तर्रीवर चमक धरते, चिंबोरीच्या नांगीची कड उठते आणि रश्श्याचा तांबूसपणा कळतो. समोरच्या बाजूने थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की सावली नरम पडते. यासाठी लाखाचं सामान लागतंच असं नाही. आपल्या रस्त्याकडच्या खिडकीत सकाळी दहाला जो उजेड येतो, तो पुरतो. ज्याने खानावळीत पाऊल टाकताच आधी खिडकी शोधली, त्याच्याशी पैशांचं बोलणं सुरू करावं.

दुसरी परीक्षा भाकरीची. तांदळाची भाकरी तव्यावर टम्म फुगते आणि ताटात येईपर्यंत बसते. जाणता माणूस आधी शिळी भाकरी आणि कालचा रस्सा ठेवून फ्रेम लावतो, कॅमेरा स्टँडवर पक्का करतो, उजेड जुळवतो आणि मगच आत हाक मारतो. ताजं ताट आलं की दोन मिनिटांत खेळ संपतो. या ताज्या ताटाला धंद्यात हीरो प्लेट म्हणतात. आपल्या भाच्याने हीरो स्वतःच व्हायचं ठरवल्यामुळे ताटाची थोडी आबाळ झाली.

स्टायलिस्टचा आपण धसका घेतलात, तो अगदीच अनाठायी नव्हे. आमच्या स्टुडिओत आइस्क्रीम म्हणून उकडलेला बटाटा कुस्करून ठेवत, थंड ग्लासावरचे थेंब ग्लिसरीनचे असत आणि वाफेसाठी ताटामागे गरम ओला कापूस लपवत. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, भाज्या वर दिसाव्यात म्हणून. तिथल्या व्यापार आयोगाने ते प्रकरण धसास लावलं. आपल्या वाटीत चिंबोरी मुळातच डोकं वर काढून बसलेली असते. तिला गोट्यांची गरज नाही. स्टायलिस्ट आलीच तर तिने वाटीची कड पुसावी, कोथिंबीर ताजी ठेवावी, वाटी लहान घ्यावी म्हणजे भरलेली दिसेल. बोंबलाशेजारी कुठलंसं परदेशी पान खोचायला लागली, तर मात्र वहिनींना बाहेर बोलवावं.

मग भाचेरावांनी नवा मार्ग काढला: एआयकडून चित्र. सुबक काम, वादच नाही. फक्त त्या चिंबोरीला चार नांग्या आहेत. खाडीकाठची माणसं ते बघून भाच्याला काय म्हणतील ते म्हणोत, पण ऑगस्ट 2024 मध्ये झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी पदार्थांची असली एआय चित्रं मेनूवरून काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं होतं, हे त्याच्या कानावर घालावं.

आणि आता आपल्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे फुकटाकडे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम सांगतं की, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे डोंबिवलीच्या बाईंना पैसे दिले असते तर चिंबोरीचा फोटो आपला झाला असता (त्यांच्या कागदावर वेगळं काही लिहिलेलं नाही ना, हे सही करण्याआधी बघायचं). भाच्याला आपण छदामही दिला नाहीत. त्यामुळे तो फोटो कायद्याने त्याचा. उद्या समोरच्या खानावळीने त्याला हजार रुपये दिले, तर आपली चिंबोरी त्यांच्या बोर्डावर चढेल आणि आपल्याला बघत बसावं लागेल.

तेव्हा बाईंना परत फोन करावा. मेनूतले सगळे 140 पदार्थ एका दुपारी उरकायचा हट्ट सोडावा; दिवसाला दहा-पंधरा नीट झाले तरी डोक्यावरून पाणी. चिंबोरी, कोलंबी, वजडी, सुकट, भाकरी एवढ्यांवरच तर आपला गल्ला भरतो. शेजवान राइस कुणालाही काढू दे. दिवस गुरुवारचा धरावा, मासळीला उठाव नसतो आणि खिडकीचं टेबल रिकामं असतं. बाई ठाण्याच्या बाजूने सामान घेऊन येणार, त्यांना सकाळची गाडी सांगावी. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये लाइटचा स्टँड घेऊन चढणं हा वेगळा व्यवसाय आहे. भाच्यालाही नाराज करू नये. थर्माकोल धरायला कुणीतरी लागतंच, आणि त्या कामाचे त्याला रोख पैसे द्यावेत.

आपला,
नेहमीचं गिऱ्हाईक

ता. क. शूटिंग झाल्यावर ताटातलं टाकून देतात, हे ऐकून आपला जीव खालीवर होईल. त्याची काळजी नसावी. मला गुरुवार चालतो.